दारातली पाटी



कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजारात पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. पूर्वी बैलगाड्या असत, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो असतात. पण रांग तीच आणि खोळंबाही तोच. अशा रांगेत किंवा ई-सेवा केंद्राच्या ओट्यावर एक म्हातारे शेतकरी आणि एक शाळकरी पोरगा मोबाईलवर वाकून बसलेले आहेत, हे चित्र आपणांस नवे नाही. त्यांचे बोलणेही आपल्या ओळखीचेच असते.

"उघडलं का बापू?"

"उघडते काकाजी. पहिले त्याची पाटी येते."

"पाटी काहून? आपल्याले त नोंदणी करा लागते."

"येतेच नं ते. आपल्या हाती नाही."

"आपल्या हाती नाही" हे पोराचे तीन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. कोणतेही अ‍ॅप किंवा संगणकावरचा कार्यक्रम उघडला, की काम समोर येण्याआधी त्याचे नाव आणि चिन्ह पडदाभर झळकते. कधी एक चक्र फिरत राहते, तर कधी कोणाची जाहिरात हजर होते. इंग्रजी जाणणारे लोक याला स्प्लॅश स्क्रीन म्हणतात. आपण तिला दारातली पाटी म्हणू. ही पाटी आली कोठून, ती नको म्हणण्याची सोय कोणी ठेवली आणि कोणी ठेवली नाही, याचा थोडा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

विषय क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. दोन-चार सेकंदांचा तर प्रश्न! पण हिशेब करून पाहा. एका पाटीला पाच सेकंद लागले आणि दिवसातून वीस वेळा ती पाहावी लागली, तर शंभर सेकंद झाले. वर्षाचे होतात छत्तीस हजार पाचशे सेकंद, म्हणजे दहा तासांहून अधिक. शेतात दहा तास म्हणजे वेचणीचा एक भरलेला दिवस. कोणी आपला एक दिवस न विचारता नेला, तर आपण गप्प बसू काय?

तरीही सक्तीची प्रत्येक पाटी वाईट असते, असे मी म्हणणार नाही. याचा दाखला हिंगणघाटातच आहे. वणा नदीकाठच्या या गावाचे नाव कापसाने जगात नेले. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचे भाव निघत, त्यांत हिंगणघाटी कापसाचा भाव वेगळा सांगितला जाई. १८८१ मध्ये येथे कापडगिरणी उभी राहिली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. माल वाढला तशी लबाडीही वाढली. चांगल्या रुईत हलकी रुई मिसळणे, वजन वाढविण्यासाठी पाणी मारणे असले प्रकार देशभर होऊ लागले आणि त्यात प्रामाणिक गावाचे नाव फुकट खराब होऊ लागले. तेव्हा १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. दाबलेल्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे त्याने सक्तीचे केले.

ही देखील पाटीच होती आणि तीही सक्तीचीच. पण तिचा गुण पाहा. खूण गाठीवर पडे. ती वाचण्यासाठी कोणाची गाडी थांबत नसे. ज्याला हवी त्याने पाहावी. पुढे गाठ उघडल्यावर आत खोट निघाली, तर ती कोणत्या प्रेसची हे त्या खुणेवरून कळे. म्हणजे ती पाटी घेणाऱ्याच्या उपयोगाची होती आणि तिने त्याचा वेळ घेतला नाही. ही कसोटी ध्यानात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल.

आता रेडिओकडे वळू. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा खटका दाबला, तर आवाज लगेच येत नसे. आतल्या काचेच्या नळ्या तापावयास अर्धा मिनिट तरी जाई. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सारे गाव त्या उजळत जाणाऱ्या तबकडीकडे पाहत बसे. तो वेळ यंत्राला खरोखरच लागत होता, म्हणून त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तवा तापल्याशिवाय भाकर टाकता येत नाही, हे कोणत्या गृहिणीला सांगावे लागते?

आणि सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची ती धून! वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने ती बांधली. युरोपात ज्यूंवर संकट आले, तेव्हा हे गृहस्थ १९३४ मध्ये मुंबईस आले आणि पुढे नभोवाणीच्या कामात रुजू झाले. ही धून म्हणजे नभोवाणीची दारातली पाटीच होय. पण ती पुष्कळांना प्रिय झाली. तिचे सूर गोड होते, हे एक कारण. दुसरे असे की रेडिओचे बटण ऐकणाऱ्याच्या हातात होते. नको असेल तर आवाज कमी करावा, दहा मिनिटांनी लावावा. धून ऐकल्यावाचून बातम्या मिळणार नाहीत, अशी अट कोणी घातली नव्हती.

अशी अट घातली गेली ती चित्रपटगृहात. आपल्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत, त्यांना तालुक्याच्या टॉकीजमधला तो काळ आठवेल. दिवे मालवले, की मुख्य चित्रपटाआधी सरकारी माहितीपट किंवा समाचारचित्र सुरू होई. कोठे धरणाचे उद्घाटन, कोठे पुराचे संकट, कोठे पंतप्रधानांचा दौरा. ही प्रथा स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, इंग्रज सरकारने भारत संरक्षण नियमांत एक कलम घातले. प्रत्येक खेळाच्या वेळी दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य फीत दाखविणे त्यामुळे चित्रगृहांना बंधनकारक झाले. मोठ्या चित्रपटाची फीत मिनिटाला नव्वद फूट सरकते. तेव्हा दोन हजार फूट म्हणजे सुमारे बावीस मिनिटे झाली. युद्धाचा प्रचार हा त्यामागचा हेतू होता. युद्ध संपले आणि १९४६ मध्ये ही व्यवस्था बंद पडली.

पण १९४८ मध्ये आपल्याच सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले आणि सक्ती पुन्हा आली. १९५२ च्या चित्रपट कायद्यात तिला जागा मिळाली. चित्रगृहाच्या परवान्यातच ती अट असे, आणि त्या फितीचे भाडेही चित्रगृहाच्या मालकानेच भरावयाचे.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. खेड्यापाड्यांतल्या लाखो लोकांनी भाक्रा धरण, समुद्र किंवा देशाची राजधानी पहिल्यांदा पाहिली ती याच फितींत. त्यांपैकी काही फिती फार चांगल्या होत्या. एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये केलेला 'आय अ‍ॅम ट्वेंटी' हा माहितीपट घ्या. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलामुलींना त्यांनी बोलते केले, आणि ती मुले देशाबद्दल जे खरे वाटले ते मोकळेपणाने बोलली. आजही जाणकार तो आदराने पाहतात. असे असूनही टॉकीजमध्ये काय होत असे? पुष्कळ लोक मुद्दाम उशिरा येत. फीत चालू असेतो बाहेर चहा-विडी चाले. सक्तीने समोर ठेवलेली चांगली गोष्टही माणूस चुकवावयास शिकतो. गुरुजींना हे अधिक सांगावयास नको. वर्गातल्या शेवटच्या बाकाचा अनुभव त्यांना आहेच.

हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. चित्रगृहवाल्यांचे म्हणणे असे की, आमच्या तोंडून दुसऱ्याचे बोलणे वदवून घेतले जाते आणि त्याचे पैसेही आम्हीच भरतो. १९९९ मध्ये न्यायालयाने ही सक्ती वैध ठरविली. लोकांना माहिती आणि शिक्षण मिळणे हे विचारस्वातंत्र्याला पूरकच आहे, अशी त्या निकालाची दिशा होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाटीवाला जिंकला. पण तोवर घरोघरी दूरचित्रवाणी आली होती, आणि तिच्या पेटीला रिमोट होता. प्रेक्षकाच्या हाती बटण आले, तेव्हा त्या फितीचा काळही सरत गेला. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

आता संगणकाकडे येऊ, कारण काकाजींच्या फोनवरची पाटी या घरातून आलेली आहे. घरगुती संगणक नवे होते, तेव्हा, १९८०च्या सुमारास, कार्यक्रम कॅसेटच्या फितीवरून आत भरावा लागे. त्याला काही मिनिटे लागत. तेवढा वेळ कोऱ्या पडद्याकडे पाहणारा माणूस घाबरे, की यंत्र बिघडले की काय! म्हणून पडद्यावर एखादे चित्र दाखवू लागले. "थांबा, काम चालू आहे" एवढाच त्याचा अर्थ. १९८४ मध्ये मॅकिंटॉश हा संगणक आला. तो सुरू करताना पडद्यावर स्वागताचे दोन शब्द उमटत. पाहुण्याला ओसरीवर बसवून पाणी द्यावे, तशी ती रीत होती.

या पाटीचा एक चांगला वापर मुद्दाम सांगतो. फोटोशॉप नावाचा चित्रे दुरुस्त करण्याचा कार्यक्रम आपल्या गावच्या फोटो स्टुडिओत आणि लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे आपण पाहिला असेल. तो उघडताना ज्यांनी तो घडविला त्यांची नावे पाटीवर येत. त्यांत सीतारामन नारायणन हे एका भारतीय अभियंत्याचे नाव वर्षानुवर्षे होते. जगभरच्या लोकांनी ते इतक्या वेळा वाचले, की प्रत्यक्ष न पाहिलेल्या या माणसाचे चाहते निर्माण झाले. देवळाच्या पायरीवर पाथरवटाचे नाव कोरलेले असावे, तसे हे. कष्ट करणाऱ्याचे नाव दारात लागले, तर त्याला कोण नाव ठेवील?

पुढे विंडोज आले. त्याच्या ३.१ या आवृत्तीच्या काळात जाणकारांना एक युक्ती ठाऊक होती. कार्यक्रम सुरू करताना 'विन' या शब्दापुढे जागा सोडून दोन टिंबांचे चिन्ह टंकले, की पाटी न दाखवता थेट काम सुरू होई. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले, त्याच्या पाटीवर निळे आकाश आणि ढग होते. त्या ढगांमागे यंत्र ओळीमागून ओळ लिहीत असे: हा भाग जोडला, तो भाग सापडला नाही, वगैरे. सामान्य माणसाला त्या ओळी दिसत नसत. दुरुस्ती करणारा मात्र कोपऱ्यातले एस्केप बटण दाबी. ढग नाहीसे होत आणि यंत्र कोठे अडले ते दिसे. कायमचीच पाटी नको असेल, तर एका फाइलमध्ये 'लोगो' या शब्दापुढे शून्य लिहून ठेवता येई. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एम.एस.-सी.आय.टी.च्या वर्गांतून आपल्या तालुक्या-तालुक्यांतली माणसे संगणकापुढे बसू लागली. त्यांतल्या पुष्कळांनी अशा पाट्या शेकडो वेळा पाहिल्या असतील. पण त्या बाजूला सारता येतात, हे किती जणांना सांगितले गेले?

ज्यांची घडण सर्वांना खुली आहे, अशा कार्यक्रमांत ही सोय आजही उघडपणे दिलेली असते. लिब्रे ऑफिस हा लिखाणाचा कार्यक्रम पाटीशिवाय उघडता येतो, आणि गिंप हा चित्रांचा कार्यक्रमही. इमॅक्स नावाच्या एका जुन्या कार्यक्रमात तर मौज आहे. सुरुवातीला तळाशी येणारी एक सूचना बंद करावयाची असेल, तर ज्याने त्याने स्वतःच्या फाइलमध्ये स्वतःचे वापरनाव लिहून ती बंद करावयाची असते. का? तर कचेरीच्या मुख्याने साऱ्यांच्या वतीने ती परस्पर बंद करू नये म्हणून. जो यंत्रापुढे बसला आहे, त्यानेच आपल्यापुरते ठरवावे. मला हा विचार फार सरळ वाटतो.

दरम्यान यंत्रे वेगवान झाली. जे भरावयास दोन मिनिटे लागत, ते आता डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भरते. मग पाटी गेली का? नाही. तवा तापला तरी पाटी आहेच. ओसरी होती तिचे दुकान झाले. नाव ठसविण्यासाठी, आपल्याच दुसऱ्या मालाची जाहिरात करण्यासाठी, "पैसे भरून पूर्ण आवृत्ती घ्या" असे टोचत राहण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. काही ठिकाणी तर काम तयार झाले असतानाही पाटी ठराविक सेकंद धरून ठेवतात. वापरणाऱ्यांचा संताप आहे तो याचा.

फोनच्या बाबतीत दोन मोठ्या घराण्यांनी दोन वाटा धरल्या. आयफोनवाली अ‍ॅपल कंपनी अ‍ॅप बनविणाऱ्यांना सांगते, की सुरुवातीचे चित्र तुमच्या पहिल्या पानासारखेच साधे ठेवा, ती नाव मिरविण्याची जागा नव्हे. अँड्रॉइडने मात्र २०२१ मध्ये, बाराव्या आवृत्तीपासून, प्रत्येक अ‍ॅप नव्याने उघडताना त्याचे चिन्ह असलेली पाटी फोननेच दाखवावी, असा नियम केला. अ‍ॅप बनविणाऱ्याला रंग बदलता येतो, चिन्ह बदलता येते. पण पाटी साफ काढून टाकण्याची सरळ वाट त्यालाही ठेवलेली नाही. हलते चित्र असेल तर ते एका सेकंदापेक्षा लांबवू नये, असा सल्ला मात्र दिला आहे. आपल्याकडचे बहुतेक फोन अँड्रॉइडचे. तेव्हा तो पोरगा "आपल्या हाती नाही" म्हणाला, ते अक्षरशः खरे होते.

आणि आता हे दार टाळता येण्याजोगे राहिलेले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने आपली पीकपाहणी स्वतः फोनवरून नोंदवावी, असे सुरू झाले. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस देण्यासाठी 'कपास किसान' या अ‍ॅपवर नोंदणी आली. पूर्वी संगणक ही हौसेची वस्तू होती. आता सातबारा आणि कापसाचा भाव त्या दारातून जातो. ज्या दारातून जावेच लागते, तेथे उभे करणाऱ्याने अधिक जपून वागले पाहिजे.

याची सर्वांत बोचरी आठवण २०२० ची आहे. त्या वर्षीच्या मार्चपासून फोन लावला, की घंटी वाजण्याआधी करोनाचा इशारा ऐकू येऊ लागला. प्रारंभी तर खोकल्याचा आवाजच येई. इशारा आवश्यक होता, यात शंका नाही. पहिल्या आठवड्यांत त्याने लोकांना सावधही केले असेल. पण तोच संदेश महिनोन्‌महिने, प्रत्येक फोनला! घरात माणूस धापा टाकतो आहे, नातेवाईक डॉक्टरला फोन लावतो आहे, आणि कानात आधी उपदेश चालू आहे. ज्याच्यासाठी तो इशारा होता, त्याचीच वाट त्याने अडविली. अखेर लोक संदेश तोडण्याच्या युक्त्या एकमेकांना सांगू लागले. टॉकीजबाहेर चहा पिणाऱ्यांचीच ही पुढची पिढी म्हणावयाची.

प्रेक्षकाच्या वेळेला किंमत आहे काय, हा प्रश्न अलीकडे पुन्हा न्यायासनापुढे गेला. बंगळुरूच्या एका प्रेक्षकाने तक्रार केली, की जाहिरातींमुळे चित्रपट सुमारे पंचवीस मिनिटे उशिरा सुरू झाला आणि पुढची कामे चुकली. तेथील ग्राहक आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला. मार्चमध्ये उच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. पण दुसऱ्याचा वेळ ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे, एवढे तरी एका आयोगाने लिहून ठेवले.

मित्रहो, या साऱ्या इतिहासातून मला एवढेच दिसते, की पाटी असणे हा अपराध नाही. गाठीवरची खूण, सकाळची धून, कारागिराचे नाव या साऱ्या पाट्याच, आणि त्या लोकांनी आनंदाने चालवून घेतल्या. प्रश्न दोन आहेत. पाटीमुळे कोणाची सोय होते, बसवणाऱ्याची की येणाऱ्याची? आणि ती बाजूला सारण्याचे बटण कोणाच्या हाती आहे? दोन्ही उत्तरे येणाऱ्याच्या विरुद्ध जातील, तेव्हा पाटीची अडगळ झाली असे समजावे.

आपल्या हाती काय आहे? थोडेसे आहे. फोनवर काम झाल्यावर प्रत्येक अ‍ॅप झटकून पूर्ण बंद करण्याची सवय पुष्कळांना असते. लगेच पुन्हा लागणारे अ‍ॅप तसेच मागे राहू द्यावे. मग पाटी बहुधा पुन्हा येत नाही. शाळेच्या संगणकावर नवा कार्यक्रम घेताना, सुरुवातीची पाटी बंद करण्याची सोय आहे का, हे देणाऱ्याला विचारावे. सेटिंगमध्ये 'सुरू होताना दाखवा' अशा अर्थाची चौकट असेल, तर तिच्यातली खूण काढावी. आणि गुरुजी, मुलांना संगणक शिकविताना कोणते बटण काय करते हे सांगालच. त्याबरोबर कोठे बटण ठेवलेले नाही, तेही दाखवा. ते का ठेवले नाही, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील.

त्या काकाजींची नोंदणी एव्हाना झाली असेल. पाटी सरली असेल, पान उघडले असेल, पोराने आकडे भरले असतील. गाडीही रांगेत चार हात पुढे सरकली असेल. उद्या तो पोरगा मोठा होऊन स्वतः असे एखादे अ‍ॅप बनवील, तेव्हा काकाजींचा "काहून" त्याच्या ध्यानात राहावा, एवढीच इच्छा आहे.